कर्जदाराचा माग: यूसीसी-१ नोंदी

अमेरिकेत एखाद्याची पार्श्वभूमी तपासताना त्याची यंत्रसामग्री आणि सावकार कोर्टाच्या कागदांत सहसा दिसत नाहीत. यूसीसी-१ नोंदीत दिसतात. कर्जदाराच्या तारण मालमत्तेवर आपला हक्क आहे हे जाहीर करायला सावकार राज्याकडे जो अर्ज दाखल करतो, तो म्हणजे यूसीसी-१.

१. व्यक्ती राहते ते राज्य, कंपनी असल्यास ती जिथे स्थापन झाली ते राज्य निवडा. बहुतेक ठिकाणी नोंदी सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (त्या राज्याच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) असतात.
२. 'कर्जदार' म्हणून शोधा. नाव आधी ड्रायव्हिंग लायसन्सवरचं, मग मधलं नाव गाळून.
३. यादीवर थांबू नका, मूळ अर्ज उघडा. खरी माहिती तारणाच्या वर्णनात असते: यंत्राचे अनुक्रमांक, कधी सहकर्जदार, जुना पत्ताही.
४. नोंद साधारण ५ वर्षांनी संपते. सोय असेल तिथे कालबाह्य नोंदीही मागवा.

नोंद दिसली म्हणजे कर्ज बाकीच आहे असं धरू नका. कर्ज फेडल्यावरही नोंद रद्द करणारा यूसीसी-३ अर्ज अनेकदा दाखलच होत नाही.