ई-संजीवनीवर पेशंट दाखवताना

उपकेंद्रावर नव्याने रुजू झालेल्या सीएचओंसाठी, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठी लिहितेय. ई-संजीवनी म्हणजे व्हिडिओ कॉलवरून डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणारी सरकारी सेवा; मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने तयार केली, २०१९ पासून चालू आहे. लॉगिन वगैरे प्रशिक्षणात शिकवतात, ते सोडा.

कॉल लावायच्या आधीच निम्मं काम उरकायचं. पेशंटला पाच मिनिटं शांत बसवा, मग बीपी घ्या. चढ चढून आलेल्या आजींचं दारातच मोजलंत तर आकडा चढाच येणार. कफ उघड्या दंडावर, झंपरच्या बाहीवरून नाही. ताप, नाडी, ऑक्सिजन, मधुमेह असेल तर साखर, सगळं नोंदवा आणि मगच डॉक्टरांना जोडा.

औषधांची पिशवी मागाच. गोळ्या कुठल्या चालू आहेत विचारलं की "त्या पांढऱ्या, बारक्या" एवढंच ऐकायला मिळतं! पिशवी टेबलावर रिकामी करा, प्रत्येक पट्टीवरचं नाव आणि मिलिग्रॅम टाइप करा. डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

चट्ट्यांचा फोटो विचारूनच काढा. आधी लेन्स पुसा. खिडकीचा उजेड, फ्लॅश बंद. एक लांबून, एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून.

आभाच्या, म्हणजे पेशंटच्या डिजिटल आरोग्य खात्याच्या, १४ अंकी क्रमांकासाठी ओटीपी आधारला जोडलेल्या फोनवर जातो, आणि तो फोन बहुतेकदा मुलासोबत ऊसतोडीला गेलेला असतो. त्यासाठी पेशंटला ताटकळत ठेवू नका.

छातीत कळ, धाप, झटके असतील तर स्क्रीन राहू दे. थेट १०८ लावा.