व्हॉल्व्हच्या रेडिओत कपॅसिटर बदलताना

व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) रेडिओतल्या जुन्या कपॅसिटरवर छापलेला क्षमतेचा आकडा आज दुकानात मिळत नाही, आणि काम तिथेच अडतं. नेमका तोच आकडा शोधत बसू नका.

१. मेणकागदाच्या कपॅसिटरऐवजी ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन फिल्म घ्या. ०.०५ मायक्रोफॅरडच्या जागी ०.०४७, ०.०२ च्या जागी ०.०२२ चालतो. आउटपुट व्हॉल्व्हच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या, ग्रिडला (आतल्या नियंत्रक जाळीला) जाणारा कपॅसिटर आधी बदला. तो गळका असेल, म्हणजे त्यातून डीसी झिरपत असेल, तर व्हॉल्व्ह तापून कामातून जातो.

२. इलेक्ट्रोलिटिकमध्ये (वीजपुरवठ्यातल्या मोठ्या क्षमतेच्या कपॅसिटरमध्ये) ८ मायक्रोफॅरडला १०, ३२ ला ३३ चालतो. व्होल्टेज मूळइतकं किंवा जास्त, कमी कधीच नाही. रेक्टिफायर (एसीचं डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हलगतच्या पहिल्या कपॅसिटरची क्षमता मात्र ‘गुणगुण कमी होईल’ म्हणून दुप्पट-तिप्पट करू नका. व्हॉल्व्हवर ताण येतो.

३. कपॅसिटर मेन्सच्या (घरच्या विजेच्या) दोन तारांमध्ये असेल तर एक्स वर्गाचा, मेन्स ते चॅसी (रेडिओचा धातूचा सांगाडा) असेल तर वाय वर्गाचाच घ्या; हे दोन्ही मेन्ससाठीचे सुरक्षा-वर्ग आहेत. इथे काटकसर नको.

४. मायकाचे सहसा ठणठणीत असतात. उगाच हात लावलात तर ट्यूनिंग बिघडेल.

प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये (वीजपुरवठ्यातल्या इलेक्ट्रोलिटिकमध्ये) शेकडो व्होल्ट शिल्लक राहू शकतात. आधी रेझिस्टरमधून ते उतरवा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला.