ॲडमिशन सेलशी संबंध जोडताना या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी कुणी ना कुणी नवे समुपदेशक फोन करतात: “सर, अमुक इंजिनिअरिंग कॉलेजात तुमची कुणाशी ओळख आहे का?” तेही जुलैत, कॅप राउंड (सरकारी केंद्रीय प्रवेशफेऱ्या) चालू असताना! त्या दिवसांत कॉलेजच्या ॲडमिशन सेलमधल्या, म्हणजे प्रवेशाचं काम बघणाऱ्या, माणसाला दुपारचा डबा उघडायला सवड नसते. अनोळखी सरांशी तो काय बोलणार? ओळख करून घ्यायची तर जानेवारी-फेब्रुवारीत जा.

सगळ्यांत महागात पडते ती थेट प्राचार्यांना गाठण्याची चूक. मीही ती केली आहे. आमच्या तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजातल्या एका मुलीला कॅपमधून कॉम्प्युटरची जागा मिळाली. आमच्या संस्थेच्या एका संचालकांची तिथल्या प्राचार्यांशी चांगली ओळख होती. त्यांच्याकरवी निरोप धाडला, “पाठवून द्या, बघून घेऊ” असं उत्तर आलं आणि मी निर्धास्त झालो. रिपोर्टिंगच्या शेवटच्या दिवशी मुलगी वडिलांबरोबर पहाटेच्या एसटीने निघाली. प्राचार्य मीटिंगसाठी विद्यापीठात गेलेले. खिडकीतल्या क्लार्कने कागद तपासले आणि मूळ एलसी मागितली. तिच्याजवळ झेरॉक्स होती. मूळ दाखला आमच्याच ऑफिसात सहीसाठी पडून होता. चार तासांचं अंतर, आणि पाच वाजता पोर्टल बंद.

तो क्लार्क तिच्याशी नीटच वागला, पण त्याच्या हातात काही नव्हतं. दोन दिवस आधी त्याच खिडकीत फोन करून “मूळ कागद कोणकोणते लागतात?” एवढं विचारलं असतं, तर ऑफिसात उभा राहून दाखला मी काढून घेतला असता. ती जागा गेली. पुढे तिला संस्था स्तरावरची, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती, जागा मिळाली, पण कॅपबाहेरच्या प्रवेशाला सरकारी फीसवलत मिळत नाही. वडिलांनी चार वर्षं पूर्ण फी भरली. ते अजून बाजारात भेटतात, चौकशी करतात, तक्रारीचा एक शब्द काढत नाहीत. मलाच त्यांच्या नजरेला नजर देववत नाही.

तेव्हापासून माझ्या वहीत प्राचार्यांची नावं नाहीत. प्रत्येक कॉलेजाच्या पानावर कागद कोण तपासतं, शिष्यवृत्तीचं टेबल कुणाकडे, वसतिगृहाचं कोण बघतं, एवढंच लिहिलेलं असतं. फेब्रुवारीत जातो, अर्धा तास बसतो आणि मागच्या वर्षी आमच्या मुलांचे अर्ज कशावर अडले ते विचारतो. उत्तरं ठरलेली असतात: मुदत संपलेलं नॉन-क्रीमी लेयर, न आलेली जात पडताळणी, आधारवर एक नाव आणि मार्कशीटवर दुसरं. म्हणून पडताळणीचे अर्ज मी अकरावीतच भरून घेतो. नव्या लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं. त्यांना एका फोनवर काम हवं असतं. कॅपची जागा मेरिट आणि मुलाने भरलेले पर्याय यांवर ठरते, कुणाच्या फोनवर नाही. ओळखीचा उपयोग वेळेवर खरी माहिती मिळण्यापुरता.

आता कॉलेजांकडून येणाऱ्या पाकिटांबद्दल. ‘शिक्षकांचा सत्कार’ म्हणून हॉटेलात जेवण, निघताना हातात भेटवस्तू, आणि मग हळूच विद्यार्थ्यामागे अमुक इतके. हे घेणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला त्यांचा राग येतो. मुलाला पर्यायांत ते कॉलेज वर टाकायला लावायचं किंवा संस्था स्तरावरच्या जागेवर बसवायचं, याचेच ते पैसे असतात. त्या जागेवर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती मिळत नाही. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना २०२४-२५ पासून मिळणारी पूर्ण फीमाफीही नाही. शिक्षकाला मिळालेले चार पैसे मुलाच्या घरातून शंभर पटीने वसूल होतात. मी चहा घेतो, डबा माझा नेतो. त्यामुळेच एका ॲडमिशन सेलच्या मॅडम मला स्वतःहून म्हणाल्या, “सर, या मुलाला आमच्याकडे पाठवू नका. त्याला हवी ती शाखा आमच्याकडे नवी आहे, शिक्षक अजून भरायचेत.”

मुलाला “माझं नाव सांग” म्हणून पाठवू नका. खिडकीतल्या माणसाला ते दडपण वाटतं.

व्हॉट्सॲपवर आलेली मागच्या वर्षीची पीडीएफ पुढे ढकलू नका. २०२५-२६ मध्ये इंजिनिअरिंगच्या फेऱ्या चार झाल्या. पहिल्या फेरीत पहिली, दुसरीत पहिल्या तीन आणि तिसरीत पहिल्या सहा पसंतींपैकी जागा मिळाली तर ती घ्यावीच लागेल असं ठरलं. जुन्या माहितीवर ‘बघू पुढच्या राउंडला’ म्हणणारी मुलं त्यात अडकतात.

ओळखीच्या माणसाची बदली झाली की त्यांच्याकडूनच नव्या माणसाचा नंबर घ्या.

आणि प्रवेश संपले की गायब होऊ नका. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागल्यावर मी एक फोन हमखास करतो: आमची मुलं कशात अडकली? गेल्या वेळी उत्तर आलं, एम-वन, म्हणजे पहिल्या सेमिस्टरचं गणित. आता आमचे गणिताचे सर सीईटी झाल्यावर पंधरा दिवस मुलांना पुन्हा बोलावतात आणि इंटिग्रेशन पहिल्यापासून घेतात.