‘कोणतंही काम चालेल’ असं म्हणू नका

नवीन आलेली मुलं-मुली भेटली की पहिलं वाक्य बहुतेक एकच असतं, "ताई, हॉटेलात कोणतंही काम चालेल, फक्त लावून द्या." त्यामागची घाई मला कळते. खोलीचं भाडं थांबत नाही आणि सोबत आणलेले पैसे रोज कमी होत जातात. परक्या देशात आले तेव्हा मीही हेच वाक्य घेऊन दहा-बारा ठिकाणी फिरले आणि सगळीकडून "कळवतो" ऐकून परतले. आता हाउसकीपिंगसाठी माणसं मी घेते, तेव्हा टेबलाच्या अलीकडून हे वाक्य कसं ऐकू येतं ते समजलं. "कोणतंही काम" म्हणणाऱ्याला कुठे उभं करायचं याचा विचार मलाच करावा लागतो, आणि सीझनच्या तोंडावर तेवढी सवड कोणालाच नसते. तेच कोणी म्हणालं, "सकाळच्या शिफ्टला रूम अटेंडंट हवी असेल तर मी सोमवारपासून येते, शनिवार-रविवारही चालेल," की मी लगेच रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, उघडते.

म्हणून आधी विभाग ओळखा. आपल्या डोळ्यांपुढे रिसेप्शन आणि वेटर एवढंच असतं, पण हॉटेल चालतं ते पाहुण्यांना न दिसणाऱ्या माणसांवर. हाउसकीपिंग, लाँड्री, स्टोअर, बँक्वेटची मांडामांड आणि स्टुअर्डिंग, म्हणजे भांडी आणि किचनची स्वच्छता. तिथली भाषा अजून जिभेवर बसली नसेल तर या विभागांत शिरकाव लवकर होतो. कॉमर्स केलेल्यांनी नाइट ऑडिटबद्दल जरूर विचारावं. दिवसभराची बिलं आणि जमा रक्कम जुळवून रात्री हॉटेलचा दिवस बंद करायचा, असं ते काम. रात्रपाळीला फारसं कोणी तयार नसतं, त्यामुळे हिशेब येणाऱ्याला फ्रंट ऑफिसमध्ये जायची ती चांगली वाट आहे. ट्रॅव्हल एजन्सीकडे जाणार असाल तर अमेडियस, सेबर किंवा गॅलिलिओ यांपैकी एका बुकिंग सिस्टिमवर हात बसलेला असला की बोलणं पुढे सरकतं. गाइड व्हायचं असेल तर आधी परवान्याची चौकशी करा, कारण बऱ्याच देशांत परवान्याशिवाय ते काम करता येत नाही.

किचनमध्ये जाणाऱ्यांनी अन्नसुरक्षेचा छोटा कोर्स आधीच करून ठेवावा. काही ठिकाणी तो सक्तीचा असतो, नसला तरी बायोडेटात उठून दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे तर पाठच हवेत. नाशवंत पदार्थ ५ अंश सेल्सिअसच्या खाली किंवा ६० अंशांच्या वर ठेवायचे, शिजवताना आतपर्यंत ७० अंश गाठायचे, शिजवलेलं अन्न बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. हे न अडखळता सांगणाऱ्या मुलाला शेफ निदान कांदा चिरून दाखवायला तरी सांगतो.

कधी जायचं, हे कुठे जायचं याइतकंच महत्त्वाचं आहे. उत्तर गोलार्धात उन्हाळा जून ते ऑगस्ट, दक्षिणेत डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि बर्फाच्या ठिकाणांचा सीझन त्या त्या गोलार्धाच्या हिवाळ्यात. भरती त्याच्या दोन-तीन महिने आधी सुरू होते. सीझन भरात असताना गेलात तर मधेच सोडून गेलेल्या कोणाची जागा मिळाली तर मिळते. दिवसाची वेळही बघा. जेवणाच्या गर्दीत रेस्टॉरंटच्या दारात उभं राहिलेल्या माणसाकडे मॅनेजर वैतागूनच बघणार. दुपारी तीन-साडेतीनला जा. हाउसकीपिंगमध्ये सकाळी दहा ते दोन चेक-आउटच्या खोल्यांची धावपळ असते, तेव्हा तिथेही दुपारनंतरच. पुढच्या दाराने रिसेप्शनवर बायोडेटा ठेवून येऊ नका, तो तिथेच राहतो. स्टाफचं दार शोधा, गेटवरच्या सिक्युरिटीला विभागप्रमुखाचं नाव विचारा आणि ते भेटतील का म्हणा.

मग येते ट्रायल. मी एक वापरलेली खोली देते आणि बाजूला उभी राहते. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली, अनुभव शून्य. तिने दार वाजवलं, थांबली, पुन्हा वाजवलं, मग आवाज देऊन आत गेली. चादर ओढायच्या आधी तिने उशांच्या खाली आणि गादीच्या कडेने हात फिरवला. एक कानातलं सापडलं. ते टेबलावर ठेवून ती मला म्हणाली, "हे पाहुण्यांचं राहिलंय, कुठे नोंदवायचं?" तिने लावलेली चादर वाकडी होती, कोपऱ्यावरची ४५ अंशांची घडी सुटत होती. घडी मी दोन दिवसांत शिकवू शकते. तो हात फिरवणं मला शिकवता आलं नसतं. ती आज माझ्याकडे सुपरवायझर आहे. तरीही घडी घरच्या गादीवर करून बघा, पन्नासदा. हाताला सवय असली की डोकं बाकीच्या गोष्टींसाठी मोकळं राहतं.

ट्रायलला जाण्याआधी किती तास आणि पैसे मिळणार का, हे दोन प्रश्न विचारायलाच हवेत. तासाभराची चाचणी समजू शकते. पूर्ण शिफ्ट करून घेत असतील तर ते काम आहे आणि कामाचे पैसे होतात. सुरुवातीला एका रेस्टॉरंटने ‘ट्रायल’ म्हणून मला तीन दिवस भांड्यांवर उभं केलं, चौथ्या दिवशी "जागा भरली" म्हणाले. माझ्याकडे एक कागद नव्हता, कोणाकडे दाद मागायची तेही ठाऊक नव्हतं. तुमच्यावर ही पाळी येऊ नये.

नोकरीसाठी पैसे मात्र कोणालाही देऊ नका. हे मी हात जोडून सांगते, कारण कर्ज काढून एजंटला पैसे दिलेली मुलं मी रडताना पाहिली आहेत. हॉटेल-रेस्टॉरंटमधल्या नोकऱ्यांच्या खरेदी-विक्रीला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९१ च्या करारात, क्रमांक १७२ मध्ये, स्पष्ट मनाई आहे. टिप मिळो न मिळो, मूळ पगार नियमित मिळालाच पाहिजे, हेही त्यातच लिहिलं आहे. हा करार सगळ्याच देशांनी स्वीकारलेला नाही, म्हणून तुम्ही आहात तिथला कायदा कामगार खात्यात जाऊन विचारा. क्रूझवर जाणाऱ्यांसाठी २००६ चा सागरी कामगार करार आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र, खलाशी पुस्तिका आणि पासपोर्ट यांचाच खर्च उमेदवाराने करायचा, व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. भरतीची फी म्हणून कोणी रक्कम मागितली तर तिथून उठून या. एसटीसीडब्ल्यू या जहाजावरच्या कामगारांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारातलं प्राथमिक सुरक्षा प्रशिक्षण, म्हणजे समुद्रात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार वगैरे, मान्यताप्राप्त संस्थेतूनच करा.

पासपोर्ट मालकाच्या कपाटात ‘सुरक्षित’ ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या. विद्यार्थी व्हिसावर असाल तर कामाच्या तासांची मर्यादा तुम्हीच सांभाळायची. "रोख देतो, कोण बघतंय" म्हणणारा मालक व्हिसा रद्द झाल्यावर तुम्हाला ओळखणारही नाही. दर आठवड्याला रोस्टरचा फोटो काढा आणि प्रत्यक्ष केलेले तास वहीत लिहा. पेस्लिप आली की दोन्ही शेजारी ठेवून बघा. माझा ओव्हरटाइम दोनदा चुकला होता, दोन्ही वेळा वही दाखवली आणि पुढच्या पगारात पैसे आले.

बुटांवर कंजूषपणा करू नका, न घसरणाऱ्या तळव्याचे घ्या, तेही अर्धा नंबर मोठे. आठ तासांनी पाय सुजतात.

सीझन संपत आला की विभाग, तारखा आणि केलेलं काम लिहिलेलं अनुभवपत्र मागून घ्या आणि पुढच्या सीझनची भरती कधी सुरू होते तेही त्याच वेळी विचारा. शेवटच्या दिवसावर हे ढकलू नका, त्या दिवशी मॅनेजर चेक-आउटमध्ये बुडालेला असतो. दोन आठवडे आधी, दुपारी तीननंतर गाठा.