अस्वलांच्या मुलखात जाताय? हँडगन आणि गोळ्या कशा निवडायच्या

अलास्का, मोंटानात ट्रेकिंगला नाहीतर फिशिंगला निघालेल्या आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न असतो, कुठली गन घेऊ? पण त्याच्याही आधी कायदा बघा.

एच-१बी, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याने गन आणि गोळ्या दोन्ही जवळ ठेवायला बंदी आहे. व्हॅलिड हंटिंग लायसन्ससारखे काही अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नका, मित्राची गन नुसती हातात धरली तरी अडकाल. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर दुकानातून हँडगन घ्यायला वय २१ पूर्ण लागतं आणि डिलिव्हरी स्वतःच्याच राज्यातल्या डीलरकडून मिळते, म्हणजे अलास्कातल्या अँकरेजला उतरून घेऊ असं जमत नाही. विमानात ती रिकामी करून, कडक कवचाच्या, लॉक केलेल्या केसमध्ये, काउंटरवर सांगून चेक-इन सामानातच टाकायची. आणि कॅनडातून गाडीने अलास्काला जाणार असाल तर हँडगन घरीच राहू दे.

दुसरं म्हणजे बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा, तो गन असली तरी घ्याच. अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या घटनांचा अभ्यास २००८ ला छापून आला, त्यात ब्राउन बेअरवर स्प्रे मारला तेव्हा ९२ टक्के वेळा त्याचं नको असलेलं वागणं थांबलं. स्प्रे विमानात अजिबात नेता येत नाही, चेक-इनमध्येसुद्धा नाही, तिथे पोचल्यावर विकत घ्या.

आता गन. खरं सांगायचं तर अलास्काचं फिश अँड गेम (वन्यजीव) खातं .३०० मॅग्नम रायफल (हे आकडे गोळीच्या जाडीचे, इंचात) किंवा स्लगवाली, म्हणजे छऱ्यांऐवजी एकच जाड गोळी मारणारी १२ गेज शॉटगन सुचवतं, आणि .४४ मॅग्नमसारखी जड हँडगनसुद्धा ऐन वेळी कमी पडू शकते असं सांगतं, विशेषतः सराव नसलेल्या हातात. तरी लोक हँडगन नेतात कारण मासे पकडताना, तंबू लावताना रायफल बाजूला ठेवली जाते आणि हँडगन अंगावरच राहते. पर्याय मुख्य दोन. एक, .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर, ताकद भरपूर, अस्वल अंगावर येऊन नळी त्याला टेकली तरी उडते, पण गोळ्या साधारण सहाच आणि झटका जबर. दुसरा, १० एमएम पिस्तूल, उदाहरणार्थ ग्लॉक २०, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या, दुसरी-तिसरी गोळी पटकन मारता येते, फक्त स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे दाबली गेली तर उडत नाही. फक्त ब्लॅक बेअरचा भाग असेल तर .३५७ मॅग्नम पण चालते. माझं मत विचाराल तर ज्याने आयुष्यात मोठी रिव्हॉल्व्हर चालवली नाही त्याने १० एमएम घ्यावी, कारण .४४ चा झटका सोसून दुसरी गोळी नेमकी लावणं नवख्याला जमत नाही, आणि चुकलेल्या .४४ चा काय उपयोग?

गोळ्यांकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. घरात ठेवायला लोक हॉलो पॉइंट घेतात, ती अंगात शिरल्यावर फुलते आणि लवकर थांबते. अस्वलाची जाड कातडी, चरबी, खांद्याचे स्नायू, मग हाडं, हे सगळं पार करून आत जायला हवं, म्हणून हार्ड कास्ट, म्हणजे कडक मिश्रधातूची न फुलणारी, सपाट तोंडाची गोळी घ्या, गोल तोंडाची कवटीच्या उतारावरून घसरू शकते. वजन १० एमएममध्ये २०० ते २२० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप), .४४ मध्ये २४० ते ३०० च्या आसपास, .३५७ मध्ये १८०. बॉक्सवर वेगही वाचा, १० एमएमच्या स्वस्त प्रॅक्टिस गोळ्या बऱ्याचदा मुद्दाम कमी दारू भरलेल्या असतात, २०० ग्रेनला सेकंदाला १२०० फुटांच्या आसपास वेग हवा. ग्लॉक कंपनी शिशाच्या गोळ्या नको म्हणते, नळीत शिसं साठून प्रेशर वाढतं, तेव्हा ग्लॉक असेल तर अख्ख्या तांब्याची न फुलणारी गोळी बघा. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये जड गोळी झटक्याने काडतुसातून पुढे सरकून सिलिंडर अडकू शकतो. म्हणून जी गोळी नेणार तीच आपल्या गनमधून रेंजवर भरपूर उडवून बघा, एकदा जरी अडकली तरी ब्रँड बदला.

होल्स्टर, म्हणजे गन ठेवायचं म्यान, छातीवरचा घ्या, कमरेवर सॅकचा पट्टा येतो. अस्वल ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास पळतं, म्हणजे ३० मीटर अंतर दोन सेकंदात संपतं, त्यामुळे जे कपडे, जी सॅक घालणार ते घालूनच रिकामी गन बाहेर काढायचा सराव घरी रोज करा.

नॅशनल पार्कमध्ये २०१० पासून त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे गन जवळ ठेवता येते, पण व्हिजिटर सेंटरसारख्या सरकारी इमारतीत नाही आणि उगाच उडवणं गुन्हाच. स्वसंरक्षणात अस्वल मारावं लागलंच तर अलास्कात लगेच कळवायचं, कातडी नखांसकट आणि कवटी सरकारजमा करायची, लेखी रिपोर्ट १५ दिवसांत. मोंटानातला ग्रिझली (ब्राउन बेअरच) १९७५ पासून संरक्षित आहे, तिथे फेडरल वाइल्डलाइफ खात्याला ५ दिवसांच्या आत कळवावं लागतं.