‘कोणतं नाशिक?’ : प्रादेशिक अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षी या चुका टाळा

प्रकल्पांचा गठ्ठा तपासायला घेतला की पहिल्याच पानावर एक वाक्य हमखास भेटतं : ‘नाशिक हा महाराष्ट्रातील एक विकसित जिल्हा आहे.’ मी समासात लाल पेनाने एवढंच लिहितो, ‘कोणतं नाशिक?’ दुसऱ्या दिवशी ते पोर किंवा पोरगी चेहरा पाडून दारात उभी. ‘सर, माहिती तर बरोबर आहे ना?’

माहिती बरोबरच असते. पण इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि येवला-नांदगावकडे पाचशेच्या आसपास. सातपूर-अंबडला कारखान्यांच्या पाळ्या बदलत असतात, तेव्हा सुरगाण्यात भात-नागली आटोपून माणसं कामासाठी गाव सोडत असतात. तालुके पंधरा, २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६१ लाख. या सगळ्यांची सरासरी काढली तर ती यातल्या एकाही तालुक्याची नसते.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक ती हीच. एकजिनसी (सगळीकडे सारखी वैशिष्ट्यं असलेला), कार्यात्मक (एका केंद्राशी व्यवहारांनी जोडलेला) आणि नियोजन (योजनेसाठी आखलेला) प्रदेश या तिन्ही व्याख्या घोकलेल्या असतात, पण प्रकल्पाला बसलं की सगळे जिल्हाच धरतात, कारण आकडे जिल्ह्याचे मिळतात. लासलगावच्या कांद्याचा अभ्यास करायचा तर बाजाराचा प्रदेश म्हणजे तिथे माल येतो तेवढा टापू, आणि तो निफाड तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या हद्दीवर थांबत नाही. पाण्याचा प्रश्न घेतला तर प्रदेश म्हणजे खोरं. २००५च्या जलसंपत्ती नियमन कायद्यानंतर नाशिकच्या गंगापूर-दारणा धरणांतून खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला पाणी सोडण्याचा वाद पेटतो, तो समजून घ्यायला जिल्ह्याचा नकाशा उपयोगाचा नाही. सुरगाण्याचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. नार-पार नद्यांचं पाणी पश्चिमेला गुजरातकडे वाहतं, बऱ्याच गावांचा रोजगार, बाजार आणि दवाखानाही तिकडेच. २०२२ मध्ये सीमेवरच्या काही गावांनी ‘आम्हाला गुजरातला जोडा’ अशी मागणी केली, ती काही एका दिवसात सुचलेली नव्हती.

उपाय सोपा आहे. आकडे गोळा करण्याआधी एक ओळ लिहा : माझा प्रश्न अमुक, म्हणून माझा प्रदेश अमुक. नाइलाजाने जिल्ह्याचेच आकडे वापरावे लागले तर तसं कबूल करा, त्याचे गुण कोणी कापत नाही. तालुक्यांची बरीच माहिती अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचना’त मिळते. ग्रंथालयात त्याच्या प्रती धूळ खात असतात.

दुसरी चूक आकडेमोडीची. ‘मागास तालुक्याचा वाढीचा दर जास्त, म्हणजे दरी कमी होते आहे.’ थांबा. समजा एका तालुक्याचं दरडोई उत्पन्न १ लाख आहे आणि ते ८ टक्क्यांनी वाढलं : भर ८ हजारांची. दुसऱ्याचं ३ लाख, वाढ ५ टक्के : भर १५ हजारांची. दर मागासाचा जास्त, तरी वर्षअखेर दरी २ लाखांची २ लाख ७ हजार झाली. प्रमाणात अंतर घटलं, रुपयांत वाढलं. तुम्ही कशाबद्दल बोलताय ते आधी सांगा.

लोकेशन कोशंटचीही हीच गत. एखाद्या व्यवसायातल्या कामगारांचं तालुक्यातलं प्रमाण भागिले राज्यातलं प्रमाण, म्हणजे हा आकडा. सूत्र सगळ्यांना येतं, अर्थ फार थोड्यांना. समजा एखाद्या तालुक्यातले ८० टक्के कामगार शेतीत आणि राज्यात ५० टक्के, तर उत्तर १.६ येतं. लगेच निष्कर्ष : ‘या तालुक्याचं शेतीत विशेषीकरण आहे.’ अहो, दुसरं कामच नसेल तर सगळे शेतीतच दिसणार! हे विशेषीकरण की अगतिकता, ते सूत्र सांगत नाही. माल बाहेर विकला जातो का, हेक्टरी उत्पन्न किती, हे बघितल्यावरच कळतं. निफाडची द्राक्षं आणि पेठची नागली, दोन्हीकडे आकडा एकच्या वर येईल आणि दोन्हीचे अर्थ निराळे असतील.

आता सिद्धांत. फ्रेंच अर्थतज्ज्ञ फ्रान्स्वा पेरूचा विकासध्रुव (१९५५), म्हणजे जोडलेल्या उद्योगांनाही वाढायला लावणारा उद्योग. तो म्हणजे नकाशावरचा ठिपका, असं निम्मे विद्यार्थी लिहितात. पेरू बोलत होता उद्योगांच्या परस्परसंबंधांबद्दल. त्याच्यासाठी ‘अवकाश’ हा आर्थिक होता, भौगोलिक अर्थ नंतरच्यांनी लावला. त्यामुळे ‘ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे, म्हणून ओझर विकासध्रुव’ हे उत्तर अर्धंच. सुटे भाग कुठून येतात, ते करणारे किती कारखाने आसपास उभे राहिले, पगार कुठे खर्च होतो, हे विचारल्याशिवाय ओझर म्हणजे नुसता मोठा कारखाना असलेलं गाव.

स्वीडिश अर्थतज्ज्ञ मिर्डालचे (१९५७) प्रसार (पुढारलेल्या भागाच्या वाढीचा मागास भागाला होणारा लाभ) आणि पश्चप्रवाह (त्याच वाढीने मागास भागाची होणारी हानी) परिणाम शिकवताना मी द्राक्षबागेचं उदाहरण घेतो. ऑक्टोबरात गोडी छाटणी सुरू झाली की पेठ, सुरगाणा, हरसूलकडून मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाड पट्ट्यात उतरतात. मुकादम एकराचा भाव ठरवतो, बागेच्या कडेला ताडपत्री ताणली जाते, तीन दगडांची चूल पेटते. मग छाटणी, विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं), असं काम महिनोन्‌महिने चालतं. वर्गात विचारलं, ‘हा प्रसार की पश्चप्रवाह?’ तर अर्धे प्रसार म्हणतात, अर्धे पश्चप्रवाह. मजुरीचा पैसा गावी जातो, त्यातून पत्र्याचं घर होतं : हा प्रसार. धडधाकट माणसं निघून जातात, गावची दुसोटा पिकाची शक्यता मावळते, पोरांची शाळा मध्येच तुटते : हा पश्चप्रवाह. दोन्ही एकाच टोळीत. परीक्षेत एकच बाजू लिहू नका आणि दोन्ही लिहून ‘म्हणून समतोल साधला पाहिजे’ असं म्हणून सुटूही नका. कोणती बाजू जड आहे हे कशावरून ठरवाल, ते लिहा.

विकासाबरोबर प्रादेशिक दरी आधी वाढते आणि मग घटते, ही विल्यमसनची उलटी यू (१९६५) निसर्गनियम नाही, एवढंच सांगून पुढे जातो.

धोरणाच्या प्रश्नात, राज्याच्या प्रादेशिक असमतोलावर नेमलेल्या दांडेकर समिती आणि केळकर समिती यांची खिचडी नेहमीची. दांडेकर समिती १९८३ची, अहवाल १९८४चा. राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जेवढा मागे, तेवढा त्याचा अनुशेष. केळकर समिती २०११ची, अहवाल २०१३चा. अनुशेष म्हणजे फक्त विदर्भ-मराठवाडा, असं डोक्यात बसलेलं असतं. दांडेकर समितीने काढलेल्या सुमारे ३,१८७ कोटींच्या अनुशेषात उर्वरित महाराष्ट्राचा वाटा ३७ टक्क्यांच्या वर होता, आणि आपलं नाशिक त्यातच मोडतं.

शेवटची चूक मला जास्त खटकते : नावात ‘प्रादेशिक’ असेल तेच प्रादेशिक धोरण मानणं. मागास भागात उद्योग काढणाऱ्यांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना (१९६४ पासून), तिची तालुकावार वर्गवारी, एमआयडीसी, सगळं लिहून होतं. पण भाडे समानीकरणाचं, म्हणजे अंतर कितीही असो, मालवाहतुकीचा खर्च सगळीकडे सारखाच पडावा या केंद्राच्या धोरणाचं काय? पोलाद देशभर एकाच भावात मिळू लागलं आणि खाणींच्या शेजारी असण्याचा बिहार-बंगालचा फायदा गेला. तो निर्णय कुठल्याही प्रदेशासाठी म्हणून घेतलेला नव्हता. ८ डिसेंबर २०२३ला कांद्याची निर्यात बंद झाली, ती दिल्लीतून, साऱ्या देशासाठी, शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा म्हणून. उठली मे २०२४ मध्ये. मधल्या पाच महिन्यांत तिचा भार कोणत्या तालुक्यांवर पडला, हे शोधायला कुणाला नवं सर्वेक्षण नको. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजार समित्यांचे रोजचे भाव आणि आवक मांडा, शेजारी मुंबईचा किरकोळ भाव ठेवा. असा प्रकल्प कुणी आणला, तर लाल पेन मी खिशातच ठेवीन.