अकरावी-बारावीला सायकॉलॉजी शिकवताय? वर्गात आधी गोष्ट, पेपरात आधी नाव

अकरावीच्या अ‍ॅडमिशनचे राउंड संपत संपत वर्ग भरतो आणि पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून ठरलेला प्रश्न येतो, मॅडम माझ्या मनात काय चाललंय ओळखा ना. चौदा वर्षं झाली मला पुण्यात आर्ट्सच्या पोरांना मानसशास्त्र शिकवून, एकही बॅच हा प्रश्न चुकवत नाही. माझं उत्तर तयार असतं, डबा कधी खायचा हे चाललंय. वर्ग हसतो, तास सुरू होतो. यावर्षी दोन-तीन नव्या मॅडम आणि एक सर विचारत होते की तुम्ही नेमकं करता काय, म्हणून एकदा लिहूनच काढते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हा विषय अवघड आहे म्हणून मार्क जात नाहीत, सोपा वाटतो म्हणून जातात. इकॉनॉमिक्सच्या पेपरात कोणी मनाचं लिहायला धजत नाही पण राग, भीती, स्वभाव, टेन्शन यावर प्रत्येकाकडे बोलायला काहीतरी असतंच, आज्जीकडे पण असतं. मग पोरं पेपरात आज्जीसारखंच लिहितात. चिंता विकृतीवर मला आलेलं एक उत्तर सांगते, माणसाला फार टेन्शन येतं, त्याने टेन्शन घेऊ नये, घरच्यांनी समजून घ्यावं, फिरायला जावं. चारपैकी एक दिला तर मुलगी भांडायला आली, मॅडम यात चूक काय आहे? चूक काहीच नाही गं, पण यात मानसशास्त्रही नाही, हे तर रिक्षावाले काका पण सांगतील.

तर माझी पद्धत एवढीच. शिकवताना आधी गोष्ट सांगायची आणि तिचं नाव नंतर द्यायचं. आणि डिसेंबरपासून हेच उलटं फिरवायचं, पेपरात आधी नाव, मग व्याख्या, मग गोष्ट. बाकी सगळं या दोन वाक्यांचा पसारा आहे.

पहिल्या आठवड्यात पुस्तक उघडूच नका. वुंटने १८७९ मध्ये जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली हे नंतर येतंच, ते पाठ होणारं आहे. मी सगळ्यांना उभं करते आणि आकडे वाचते, आधी चार, मग पाच, मग सहा, सेकंदाला एक या वेगाने, वाचून झाल्यावरच लिहायचं, ज्याचं चुकलं तो खाली बसला. सात-आठपर्यंत निम्मा वर्ग खाली बसलेला असतो आणि चिडलेला असतो. मग फळ्यावर १९४७१९६०१९६१ लिहिते, पाच सेकंद दाखवते, पुसते. बारा आकडे, कुणाला जमत नाही. परत लिहिते पण आता तुकडे पाडून, स्वातंत्र्य, महाराष्ट्र, पानशेतचं फुटलेलं धरण. आता सगळ्यांना जमतं! आणि मग सांगायचं की जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये एका वेळी लक्षात राहतं ते सात अधिक-उणे दोन हे जे लिहिलं ते आकड्यांबद्दल नव्हतं, तुकड्यांबद्दल होतं, आणि तुकडा केवढा हे आधी काय माहितीये त्यावर ठरतं. ज्याला पानशेतचं साल माहीत नाही त्याच्यासाठी १९६१ म्हणजे चार सुटे आकडेच. असा एक पोरगा दरवर्षी निघतोच, बाहेरून पुण्यात आलेला असतो बिचारा, आणि तोच सगळ्यात चांगलं उदाहरण ठरतो.

स्मृतीच्या धड्याला दुसरा हमखास चालणारा प्रयोग म्हणजे लॉफ्टस आणि पामरचा, १९७४ चा. त्यांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि वेग विचारला, फरक फक्त प्रश्नातल्या क्रियापदाचा. एकमेकींवर जोरात आदळल्या असं विचारलं तर सरासरी अंदाज ताशी जवळपास ४१ मैल आला आणि नुसता स्पर्श झाला असं विचारलं तर ३२ च्या आसपास. आपल्याकडे यासाठी मराठी केवढी सोयीची आहे बघा, ठोकली, धडकली, घासली, लागली, प्रत्येकाचा वेग वेगळा. दुचाकींची एखादी साधी क्लिप दाखवा, कोणाला खरोखर इजा झालेली नको, आणि अर्ध्या वर्गाला ठोकली लिहिलेली चिठ्ठी द्या, अर्ध्याला लागली. आता गंमत म्हणजे आकडे दरवर्षी छान येतातच असं नाही, मागच्या वर्षी माझ्याकडे चक्क उलटे आले. घाबरू नका, तोच तास सगळ्यात भारी झाला, कारण मग पोरं स्वतःच म्हणायला लागली की मॅडम ठोकलीवाली चिठ्ठी मागच्या बाकांना गेली होती, त्यांना नीट दिसलंच नाही. नमुना (सँपल), नियंत्रण (कंट्रोल), चल (व्हेरिएबल) हे शब्द त्या दिवशी मला शिकवावेच लागले नाहीत.

आता शब्दांचंच एक मोठं दुखणं. पोरं घरी जाऊन हिंदी व्हिडिओ बघतात, आणि हिंदीतले शब्द आपल्यासारखे दिसतात पण आपले नसतात. आपण अध्ययन म्हणतो तिथे ते अधिगम म्हणतात, आपलं अभिसंधान (कंडिशनिंग) त्यांचं अनुबंधन, आपलं प्रबलन (रीइन्फोर्समेंट, म्हणजे वर्तन वाढवणारं काहीही) त्यांचं पुनर्बलन. हे तरी ठीक, कळतं. पण खरा घोळ वेदन आणि संवेदनचा. मराठीत वेदन म्हणजे सेन्सेशन, नुसतं जाणवणं, आणि संवेदन म्हणजे पर्सेप्शन, जाणवलेल्याचा अर्थ लागणं, हिंदीत मात्र संवेदना म्हणजेच सेन्सेशन, त्यामुळे व्हिडिओ बघून आलेला पोरगा अख्खं उत्तर उलटं लिहितो, तेही कॉन्फिडन्सने. व्हिडिओ बघू नका म्हणून उपयोग नाही, ते बघणारच. मी वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने करायला लावते, मराठी, इंग्रजी शब्द देवनागरीत, आणि हिंदीत काय म्हणतात ते. वर्षभर भरत राहायचं.

आणि आता ऋण प्रबलन. यावर मी सलग तीन तास घालवते आणि मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण दहातली सात पोरं ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा असं लिहितात आणि खरं सांगायचं तर काही गाइडमध्ये पण तसंच छापलेलं मी बघितलंय. व्याख्या देऊ नका. सकाळचं उदाहरण घ्या. आई साडेसहाला हाका मारायला लागते, उठ, उठ, उठलास का, तुम्ही उठून बसलात की कटकट थांबते. कटकट थांबली म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्ही लवकर उठता. काहीतरी नकोसं काढून घेतलं आणि वर्तन वाढलं, झालं ऋण प्रबलन. गाडीत सीटबेल्ट लावेपर्यंत वाजणारी ती पिकपिक, तेच. आणि हेल्मेट नाही म्हणून चौकात पावती फाटली आणि पोरगा विनाहेल्मेट फिरायचा कमी झाला, तर ती शिक्षा. (कमी झाला तर! पुण्यात झाला नाही म्हणून शिक्षा कुचकामी का ठरते यावर अजून एक तास निघतो, पोरंच सांगतात, पोलीस कुठल्या चौकात असतो हे आम्हाला माहितीये ना मॅडम, म्हणजे वर्तन नाही बदललं, रस्ता बदलला.) फळ्यावर चार घरं काढा आणि दोनच प्रश्न विचारायची सवय लावा, वर्तन वाढलं का कमी झालं, आणि काही दिलं का काढलं. वाढलं असेल तर ते प्रबलनच, मग धन असो नाहीतर ऋण, कमी झालं तर शिक्षा. धन-ऋण म्हणजे चांगलं-वाईट नाही, अधिक-वजा आहे, हे वाक्य मी महिन्यातून एकदा तरी म्हणते.

बुद्धिगुणांकाचं गणित पटकन उरकतं, मानसिक वय भागिले जन्मापासूनचं वय गुणिले शंभर. पोरं वर-खाली उलटं करतात. दहा वर्षांच्या मुलाचं मानसिक वय १२ असेल तर १२० यायला हवेत, उलटं केलं तर ८३ येतात, म्हणजे पुढे असलेला मुलगा मागे पडला, हे स्वतः तपासायला शिकवा की बस.

मानसिक विकृतींचा धडा मात्र घाईत घेऊ नका आणि हसण्यावारी तर अजिबात नेऊ नका. पुण्यात एकमेकांना येरवड्याला पाठवा म्हणायची पद्धतच आहे, तिथे जेल पण आणि मनोरुग्णालय पण, त्यामुळे जोक दोन्हीकडून चालतो. मी पहिल्या दिवशीच सांगते, हा जोक या खोलीत बंद, कारण पन्नास पोरांच्या वर्गात कोणाच्या ना कोणाच्या घरी गोळ्या चालू असतात आणि ते पोर हसत नसतं. घरचे किस्से वर्गासमोर सांगायला लावू नका. धडा सुरू झाला की आठवड्याभरात कोणीतरी येतंच, मॅडम मला ओसीडी (नको असताना तेच विचार आणि त्याच कृती परत परत होण्याची विकृती) आहे, मी पुस्तकं सरळ रचते. तिला सांगा की रचणं म्हणजे ओसीडी नाही, त्यापायी रोजचं जगणं अडकायला लागलं की मग विचार करायचा. आणि कधीकधी येणारं पोर खरंच अडचणीत असतं, तेव्हा आपण समुपदेशक बनायचं नाही. ऐकून घ्यायचं, कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांच्याकडे न्यायचं, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ माझ्या फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

याच धड्यावर परिच्छेद देऊन प्रश्न विचारला की पोरं लक्षणं ओळखतात पण कालावधी सोडून देतात. पेन्सिलने कालावधीखाली रेघ मारायला शिकवा. डीएसएम-५ प्रमाणे, म्हणजे मानसिक विकृतींच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकाप्रमाणे, मोठ्या अवसादाला (मेजर डिप्रेशन) किमान दोन आठवडे, सर्वसाधारण चिंता विकृतीला सहा महिने, आघातानंतरच्या ताणविकृतीला महिन्यापेक्षा जास्त, छिन्नमनस्कतेला (स्किझोफ्रेनिया) सहा महिने. कालच नापास झाला आणि रडतोय, त्याला अवसाद लिहू नका रे. आणि छिन्नमनस्कता म्हणजे एका माणसात दोन माणसं नव्हेत, हे सिनेमाने केलेलं नुकसान आपल्यालाच भरून काढावं लागतं.

आता परीक्षेकडे. वेळेचं आधी समजून घ्या, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निम्मा वर्ग ढोल-ताशा पथकात असतो, संध्याकाळी नदीपात्रात सराव, सकाळी वर्गात डोळे मिटलेले. मी त्या काळात अवघड धडा घेतच नाही, भावना घेते, चालू विषयच असतो. दिवाळीनंतर मात्र सैल सोडायचं नाही, कारण जानेवारीत प्रिलिम आणि फेब्रुवारीत बोर्ड, मध्ये दिवस उरतात किती.

उजळणी म्हणजे परत परत वाचणं असं पोरांना वाटतं, हायलायटरने अख्खं पान पिवळं. त्यांना रोएडिगर आणि कार्पिकचा २००६ चा अभ्यास सांगा, आपल्याच विषयातला आहे. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून माझ्या तासाची पहिली पाच मिनिटं कोऱ्या कागदाची, पुस्तक बंद, कालचं जे आठवेल ते लिहा, मग वेगळ्या रंगाच्या पेनने राहिलेलं भरा. मी कागद गोळा करत नाही, मार्क देत नाही, दिले की कॉपी सुरू होते. तोच भाग आठवड्याने परत, महिन्याने परत. पहिल्या महिन्यात पोरं कुरकुरतात कारण कागद कोराच राहतो, राहू दे.

उत्तराचा साचा असा बसवा. पहिल्या ओळीत संज्ञा आणि व्याख्या, दुसऱ्या-तिसऱ्यात कोणी मांडलं आणि वैशिष्ट्यं, शेवटी उदाहरण, आणि उदाहरणात संज्ञा परत आलीच पाहिजे. आई हाका मारते आणि मी उठतो एवढं पुरत नाही, हाका थांबणं हे इथे ऋण प्रबलन आहे हे लिहा, मग मार्क मिळतो. फरक स्पष्ट करा म्हटलं की पोरं डावीकडे एक टीप लिहितात उजवीकडे दुसरी आणि दोघींची भेटच होत नाही. आधी समासात मुद्दा लिहायला लावा, अर्थ, कारण, कालावधी, उदाहरण, आणि एका मुद्द्यावर दोन्हीकडे एकेक वाक्य.

लेखी पेपर ८० चा, तीन तास म्हणजे १८० मिनिटं. मार्काला दोन मिनिटं धरली तर १६० झाली, वीस उरली, ती वाचायला आणि तपासायला. म्हणजे आठ मार्काच्या उत्तराला सोळा मिनिटं, पंचवीस नाही. फ्रॉइडवर प्रेम जडलेली पोरं तिथेच चार पानं लिहितात आणि शेवटचा प्रश्न सुटतो, म्हणून प्रिलिमच्या आधी दोनदा तरी घड्याळ लावून अर्धा पेपर वर्गात सोडवून घ्या. उरलेले २० मार्क कॉलेजातले, त्यातल्या प्रोजेक्टमध्ये एवढंच बघा की ज्यांना प्रश्न विचारले त्यांची परवानगी घेतलीय आणि नावं लिहिलेली नाहीत. अप्पा बळवंत चौकातून, पुण्याच्या वह्या-पुस्तकांच्या बाजारातून, वह्या जरूर आणा, तयार प्रोजेक्ट नको, दोन पोरांची एकसारखी आकडेवारी मला लांबून दिसते.

पेपरच्या दिवशी संध्याकाळी मी ग्रुपवर एकच मेसेज टाकते, मार्क किती येतील विचारत नाही, कुठे अडलं तेवढं लिहा. ते मी एका जुन्या डायरीत उतरवते आणि पुढच्या जूनमध्ये तीच डायरी घेऊन वर्गात जाते. यावर्षीच्या पानावर सगळ्यात वर परत वेदन-संवेदनच आहे, आणि खाली एकाने लिहिलंय, मॅडम चिंता विकृतीच्या उत्तरात मी फिरायला जावं असं लिहिलं, पण शेवटी.